घरचा डॉक्टर : एक संवाद

साशंक : प्रत्येक कुटुंबाचा एक नेहमीचा डॉक्टर असावा आणि कोणत्याही दुखण्याची पहिली वर्दी त्याच्याकडेच जावी, हा तुमचा आग्रह मी आस्थेने ऐकत आलो आहे, परंतु त्यात आजच्या गरजेपेक्षा गेलेल्या काळाविषयीची हळहळच अधिक आहे, अशी माझी धारणा होत चालली आहे. ज्या काळाची तुम्ही आठवण काढता, त्या काळी रायपुरात वैद्यकीय महाविद्यालयदेखील नव्हते. ते १९६३ साली निघाले. तोवर नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलची सनद घेऊन इकडे आलेला एखादा एल.एम.पी. डॉक्टर, त्याचा कंपाउंडर, आणि डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली, एवढ्याच भांडवलावर इथल्या मराठी कुटुंबांच्या दोन पिढ्या आजारी पडल्या आणि बऱ्या झाल्या, किंवा झाल्या नाहीत. ती माणसे आयुष्यभर एकाच डॉक्टरकडे गेली, कारण जाण्यासारखा दुसरा कोणी नव्हता, आणि त्या नाइलाजाला आपण आज निष्ठेचे नाव देतो. आता शंकर नगरच्या रस्त्याने चालू लागले, की हृदयाच्या, हाडांच्या, त्वचेच्या, कान-नाक-घशाच्या पाट्या एकीपाठोपाठ एक दिसतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला टाटीबंध येथे २०१२ पासून एम्स आहे. आणि ज्याला कोणीच दारात उभे करत नाही, त्याला मेकाहारा या सरकारी इस्पितळाचे दार उघडे आहे. गुडघा दुखत असताना गुडघ्याच्याच जाणकाराकडे सरळ जाता येत असेल, तर वाटेत आणखी एक उंबरठा ओलांडायचा कशासाठी?

आग्रही : याचे उत्तर तत्त्वाच्या भाषेत देण्याआधी मी तुम्हाला एका पिशवीतला ऐवज सांगतो. आमच्या एक आत्याबाई इथेच, शंकर नगरात, एकट्या राहतात. मुलगा बंगळुरूला, सून तिथेच नोकरीला. त्यांच्या सगळ्या वैद्यकीय कागदांची एक प्लॅस्टिकची पिशवी कपाटाच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असते. त्या पिशवीत रक्तदाबाच्या तज्ज्ञाची चिठ्ठी होती, तिच्यावर टेल्मिसार्टन. पायांवर सूज दिसली म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरने दिलेली, लघवी वाढवणाऱ्या गोळीची चिठ्ठी होती. आणि गुडघ्यासाठी अस्थितज्ज्ञाने पंधरा दिवसांपुरती लिहिलेली वेदनाशामक गोळी, जी आत्याबाई पुढे औषधाच्या दुकानातून आपणच आणून दोन महिने घेत राहिल्या. तिन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी यथायोग्य होत्या. परंतु पहिली गोळी मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरवते, दुसरी शरीरातले पाणी कमी करते, आणि तिसरी मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाट आकसवते. त्यात रायपूरचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या घरात, आणि वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणी बेतानेच पिण्याची म्हाताऱ्या माणसाची सवय. क्रिएटिनिन चढले, लघवी कमी झाली, तोंडावर सूज आली. दोन गल्ल्यांपलीकडच्या एका साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरने ती पिशवी टेबलावर पालथी केली, चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या, दुकानातून आणलेली पाकिटेसुद्धा मागवून घेतली, आणि दोन गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. काही आठवड्यांत मूत्रपिंड पूर्ववत झाले. ते तिन्ही तज्ज्ञ आपल्या विद्येत त्या डॉक्टरहून वरचढ असतील. परंतु ते सगळे कागद एका बैठकीत वाचणे हे त्यांपैकी कोणाचेच काम नव्हते, म्हणून ते कोणी केले नाही. तुम्ही ज्याला वाटेतला उंबरठा म्हणता, तिथे हे काम होते.

साशंक : उदाहरण मर्मावर बोट ठेवणारे आहे, हे मी मान्य करतो, मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. आत्याबाईंचे नुकसान झाले ते त्यांचे कागद एकत्र वाचले गेले नाहीत म्हणून, आणि कागद एकत्र वाचण्यासाठी माणूस तोच असावा लागत नाही, दफ्तर नीट असावे लागते. माझे आयुष्य सरकारी दफ्तरात गेले. तिथला पहिला धडा असा, की अंमलदाराची बदली होते, मिसल जागेवर राहते. आणि ज्या कचेरीचा कारभार एखाद्या जुन्या कारकुनाच्या स्मरणशक्तीवर चालतो, ती कचेरी तो कारकून निवृत्त होताच कोसळते. आज आयुष्मान भारतच्या डिजिटल योजनेत चौदा अंकी आरोग्य खाते कोणालाही काढता येते. चिठ्ठ्या, तपासण्या, इस्पितळातून सोडल्याचे दाखले, सगळे त्यात जमा होऊ शकते. ते खाते प्रत्येक डॉक्टर उघडून वाचील अशी तजवीज केली, तर तुमच्या दोन गल्ल्यांपलीकडच्या सज्जनाचे काम अनोळखी डॉक्टरही करील, आणि सुट्टीच्या दिवशीही करील. तुम्ही व्यक्तीवर भार टाकता. मला व्यवस्था हवी आहे.

आग्रही : व्यवस्था मलाही हवी आहे, आणि ते खाते तर मी माझ्या घरातल्या सगळ्यांचे काढूनही ठेवले आहे. पण तुमच्या मिसलीत जे कोणीतरी लिहिले, तेवढेच असते. जे बोललेच गेले नाही, त्याची नोंद कशी होणार? या प्रदेशातलेच पाहा. सिकलसेलचा दोष छत्तीसगढच्या अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला आहे. त्यासाठी रायपुरात स्वतंत्र संस्था आहे, आणि केंद्राने २०२३ साली त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही काढली. एखादा मुलगा हातपाय दुखतात, डोळे पिवळे दिसतात, अशी कैफियत घेऊन येतो. अनोळखी डॉक्टरच्या मनात आधी कावीळ येईल, आणि ते गैर नाही, कारण उन्हाळ्यात या शहरात काविळीच्या साथी येतातच. पण ज्या डॉक्टरने त्याच्या चुलत बहिणीला असेच कळवळताना पाहिले आहे, त्याच्या मनात पहिल्या मिनिटाला दुसरा विचार येतो. तो विचार कोणत्याही खात्यात लिहिलेला नसतो, कारण ते खाते मुलाचे असते आणि बहिणीचे दुखणे तिच्या खात्यात असते.

दुसरे असे, की माणूस पहिल्या भेटीत खरे सांगत नाही. दारू किती, हे तो तिसऱ्या भेटीत सांगतो. मुलाने पैसे पाठवणे बंद केले म्हणून गोळी एक दिवसाआड घेतो आहे, हे पाचव्या भेटीत सांगतो, तेही निघता निघता, दाराच्या कडीला हात घातल्यावर. सुनेशी पटत नाही म्हणून रात्रभर झोप लागत नाही, हे काही वर्षांनी सांगतो. रक्तदाब का उतरत नाही याचे उत्तर पुष्कळदा या दारातल्या वाक्यात असते, आणि ते ऐकायला पुन्हा तोच माणूस खुर्चीवर बसलेला असावा लागतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. ज्या डॉक्टरला तुम्ही परत भेटणार आहात, त्याला वाट पाहता येते. ताप आलेल्या मुलाला तो सांगू शकतो की आज काही देत नाही, परवा पुन्हा दाखवा. मधल्या काळात ही दोन लक्षणे दिसली तर रात्रीसुद्धा फोन करा. ज्याला तुम्ही एकदाच दिसणार, त्याला असे म्हणता येत नाही; परवा काय होईल हे त्याला कधी कळणारच नाही, म्हणून तो आजच पाच तपासण्या लिहितो आणि वर प्रतिजैविक देतो. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा ती त्याची भीती असते. वाट पाहणे हा वैद्यकातला एक उपचार आहे आणि तो ओळखीशिवाय करता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या लाटेत या शहरात खाट मिळणे दुरापास्त झाले होते तेव्हा, कित्येक घरांत दर चार तासांनी बोटावरच्या यंत्राचा आकडा फोनवरून सांगितला जात होता आणि पलीकडून कोणीतरी ‘अजून घरीच थांबा’ किंवा ‘आता निघा’ एवढेच सांगत होते. ते सांगणारा कोण होता? ज्याला त्या घराची माहिती होती, तोच.

साशंक : तुमची तिसरी गोष्ट मला विचारात पाडते, तिच्यावर मी आत्ताच काही बोलत नाही. पण हे सगळे अनुभवाचे बोल झाले. ज्या गोष्टीने आयुष्य वाढते असे तुम्ही सुचवता, तिला मोजमापाचा आधार आहे काय?

आग्रही : आहे. नॉर्वेमध्ये २००१ पासून जवळजवळ प्रत्येक नागरिकाचे नाव एका ठरावीक डॉक्टरच्या यादीत असते. तिथल्या संशोधकांनी सुमारे पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळले, की जे पंधरा वर्षांहून अधिक काळ त्याच डॉक्टरकडे राहिले, त्यांच्यात, डॉक्टरशी जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांच्या तुलनेने, तातडीने इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होते. आणि हा फरक एकाएकी पडलेला नव्हता, सहवासाची वर्षे वाढत जातील तसा तो वाढत गेला होता. त्याआधी २०१८ मध्ये इंग्रज संशोधकांनी नऊ देशांतले बावीस अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. त्यांपैकी अठरांत, एकाच डॉक्टरकडे जाणाऱ्यांत मृत्यू कमी आढळले. एखाद्या नव्या गोळीने एवढा गुण दाखवला असता, तर तिची जाहिरात शंकर नगरच्या प्रत्येक चौकात लागली असती.

साशंक : आकडे मोठे आहेत म्हणूनच मी सावध होतो. पंधरा वर्षे एकाच डॉक्टरकडे कोण राहते? ज्याचे घर बदलत नाही, नोकरी टिकते, ज्याच्या संसाराची घडी विस्कटत नाही, तो. अशा माणसाचे आयुष्य मुळातच लांब असते. संशोधकांनी वय, शिक्षण, जुने आजार यांची वजाबाकी केली असेलही. पण जीवनातली स्थिरता ही पुरती वजा करता येणारी राशी नव्हे. आणि नॉर्वेच्या डॉक्टरला त्याच्या यादीतल्या नावांवर वेतनाचा काही हिस्सा मिळतो, तुम्ही आजारी पडा अथवा न पडा. इथल्या डॉक्टरची चूल तुमच्या आजारावर पेटते. तिथला निष्कर्ष उचलून इथे आणताना ही वस्तुस्थिती वाटेत गाळता येत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. ओळखीच्या डोळ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. माझ्या एका जिवलग स्नेह्याचा चेहरा वर्षभरात भावशून्य होत गेला, अक्षर बारीक होत गेले, चालताना एक हात हलेनासा झाला. आम्ही रोज भेटणाऱ्यांनी ते वयावर घातले. आणि दर महिन्याला रक्तदाब पाहणाऱ्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरनेही वयावरच घातले. पुण्याहून आलेल्या पुतण्याने दारातच विचारले, काकांना काय झाले आहे? तो कंपवात होता. त्या घरी नवखा डॉक्टर आला असता, तर त्याने तो पाच मिनिटांत ओळखला असता. हा एका माणसाचा दोष नव्हे. तुम्ही ज्या परिचयाचा गौरव करता, त्याच्याच पोटी हे आंधळेपण जन्मते. शिवाय परिचयाबरोबर भीडही येते: जुन्या डॉक्टरच्या सलाइनच्या आणि इंजेक्शनच्या सवयी कालबाह्य झाल्या, हे ठाऊक असूनही माणसे त्याला सोडत नाहीत, दुसऱ्याचे मत घेतले तर त्याला वाईट वाटेल म्हणून घेत नाहीत. आणि हाच विश्वासातला माणूस चिठ्ठी देऊन ज्या तज्ज्ञाकडे पाठवतो, तिथून त्याला वाटा येत असेल तर? कट प्रॅक्टिसविरुद्ध कायदा करण्यासाठी महाराष्ट्र सरकारला २०१७ साली मसुदा तयार करवून घ्यावा लागला, तो काही निष्कारण नव्हे. जिथे विश्वास अधिक, तिथे त्याचा व्यापारही अधिक होऊ शकतो.

आग्रही : तुमच्या स्नेह्यांच्या बाबतीत जे घडले, त्याला माझ्याजवळ प्रतिवाद नाही, ते मी विचार करून मान्य करतो. परिचय म्हणजे निरीक्षण, असे मी आजवर बोलताना गृहीत धरत आलो. ते तसे नाही, हे तुमच्या बोलण्याने मला दिसले. मग मला वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसाखाणीच्या गावचा डॉक्टर, ज्युलियन ट्यूडर हार्ट, आठवतो. त्याने त्या एका गावात आपली उमेद खर्ची घातली. पण केवळ ओळखीवर तो विसंबला नाही. गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब, तक्रार असो वा नसो, त्याने मोजला, लिहून ठेवला, आणि जे मोजून घ्यायला आले नाहीत त्यांच्या दारी तो गेला. शेजारच्या तशाच गावापेक्षा तिथले अकाली मृत्यू कमी झाले. तेव्हा माझे म्हणणे मी दुरुस्त करतो: नेहमीचा डॉक्टर हवा, पण तो मोजणारा आणि लिहिणारा हवा. दोन वर्षांपूर्वीचे वजन समोरच्या कार्डावर असेल, तर पाच किलो उतरलेला माणूस कितीही ओळखीचा असला तरी नजरेतून सुटत नाही. तुमचे दफ्तर आणि माझा माणूस यांची इथे गाठ पडते.

वाट्याच्या प्रश्नावर मात्र मी तुम्हाला निर्भेळ आश्वासन देऊ शकत नाही. एवढेच म्हणतो, की ज्याला तुमचे तोंड पुढची वीस वर्षे पाहायचे आहे, त्याला चुकीच्या शस्त्रक्रियेचा परिणामही वीस वर्षे पाहावा लागतो. तिऱ्हाईत दलालाला तो पाहावा लागत नाही. ही लाज सगळ्यांना आवरते असे नाही, पुष्कळांना आवरते.

साशंक : मग असा माणूस ओळखावा कसा? पाटीवर तर सगळेच सज्जन असतात.

आग्रही : पहिली गोष्ट, शोध निरोगीपणी घ्यावा, छातीत कळ आलेली असताना निवड होत नसते. घरापासून चालत किंवा रिक्षाने दहा मिनिटांत गाठता येईल असा दवाखाना पाहावा, कारण लांबचा उत्तम डॉक्टर नेहमीचा होत नाही. त्याची नोंदणी छत्तीसगढ मेडिकल कौन्सिलकडे आहे ना, हे विचारण्यात संकोच कसला? एम.बी.बी.एस. पुरेसे आहे, त्यावर मेडिसिनची किंवा फॅमिली मेडिसिनची पदवी असली तर उत्तमच. मग थंडीच्या दिवसांत, काही होत नसताना, एकदा जावे. पिशवी बरोबर न्यावी, दुकानातून आपण होऊन आणलेली औषधे, आयुर्वेदिक चूर्णे, काहीही न लपवता. घरात कोणाला मधुमेह, कोणाला पक्षाघात, कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेले, हे एका कागदावर लिहून न्यावे. आणि मग त्या डॉक्टरकडे पाहावे. तो वजन आणि रक्तदाब स्वतः घेतो की मागचा आकडा तसाच उतरवतो. एखादी गोळी बंद करण्याचे त्याच्या मनात येते की फक्त वाढवण्याचे. ‘मला हे कळत नाही, तुम्ही अमक्याकडे जा’ असे तो कधी म्हणतो का, आणि म्हटले तर बरोबर चिठ्ठीत कारण लिहून देतो का, आणि परत आल्यावर तिथे काय झाले ते विचारतो का. दुसऱ्याचे मत घेतो म्हटल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडते का. ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याला सोडावे. तो कितीही जुना असला तरी सोडावे, असे मी तुमच्या आक्षेपानंतर म्हणतो. आणि एक कर्तव्य आपले: त्याची फी, काही औषध न देता त्याने नुसते ऐकून घेतले त्या दिवशीही, खळखळ न करता द्यावी. आपण गोळीचे आणि इंजेक्शनचे पैसे देतो, सल्ल्याचे देत नाही. मग सल्ला देणारे कमी झाले म्हणून तक्रार करतो.

साशंक : हे सगळे माझ्यासारख्याला जमेल. निवृत्तिवेतन आहे, वाचता येते, विचारायची हिंमत आहे. पण आमच्या घरी भांडी घासायला खम्हारडीहच्या वस्तीतून जी बाई येते, तिला हा उपदेश मी कोणत्या तोंडाने करू? एक दिवस दवाखान्यात गेला, तर तिचे एका घरचे काम सुटते. निरोगी असताना फी देऊन ओळख करून घ्यायची, हे तिला चैनीसारखे वाटेल, आणि ते तिचे खरेच आहे. ज्या ट्यूडर हार्टचे तुम्ही नाव घेतलेत, त्यानेच १९७१ साली लिहून ठेवले, की जिथे गरज सर्वाधिक तिथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी पोचते, आणि जिथे बाजाराचा अंमल अधिक तिथे हे अंतर अधिक. शासनाचे कार्ड तिच्याजवळ आहे. पाच लाखांपर्यंतची हमी आहे. पण २०१८ पासूनची ती केंद्राची हमी इस्पितळात दाखल झाल्यावरची आहे. रक्तदाब मोजून घेण्यासाठी ती उपयोगी पडत नाही. पक्षाघात झाल्यावर पडते.

आणि गरिबाला अनोळखी वैद्यक काय देते, हे या राज्याने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळ कुटुंबनियोजनाच्या एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांमध्ये मिळून तेरा जणींचे प्राण गेले. त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव त्या टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हे तुमच्याच बाजूचे प्रमाण आहे, हे मला कळते. पण ते सांगून मी एवढेच विचारतो, की तुमचा घरचा डॉक्टर ज्यांच्याजवळ आधीच बरेच काही आहे, त्यांच्याच घरचा राहणार काय?

आग्रही : हा प्रश्न माझ्या आग्रहाच्या मुळाशी आहे. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने सांगितले, की उपचार ऐपतीवर अवलंबून नसावा आणि प्राथमिक केंद्रे लोकांच्या जवळ असावीत. पण त्याच समितीच्या बहुमताने तुमच्या त्या एल.एम.पी. डॉक्टरचा अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवावी असे ठरवले, आणि काही सभासदांनी त्यावर भिन्नमत नोंदवले. ज्यांनी भिन्नमत दिले, त्यांची भीती खेड्यांनी खरी ठरवली. गंमत अशी नव्हे, दुःख असे, की नव्या छत्तीसगढ राज्याने २००१ साली त्याच धर्तीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि विरोध झाल्यावर थोड्याच वर्षांत आवरता घेतला. त्यातून बाहेर पडलेले ग्रामीण चिकित्सा सहायक आज प्राथमिक केंद्रांत बसतात. २०१० मध्ये त्यांची तपासणी झाली, तेव्हा साध्या आजारांच्या उपचारात ते पदवीधर डॉक्टरांच्या तोडीचे ठरले. म्हणजे ‘नेहमीचा’ माणूस उच्च पदवीचाच असला पाहिजे असे नाही. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना शिकवून हेच सिद्ध केले. आपल्याकडे २००२ पासून मितानिन, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविका, आहेत. खम्हारडीहच्या वस्तीतही कोणीतरी असेल, आणि तुमच्या घरी येणाऱ्या बाईचे नाव, तिची मुले, तिचा नवरा, हे सगळे तिला ठाऊक असेल. दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून शहीद इस्पितळ उभे केले, गनियारी या खेड्यात दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले डॉक्टर येऊन राहिले. तिथल्या माणसांना आपला डॉक्टर आहे. मात्र या सगळ्या जागा कोणाच्या तरी आयुष्यभराच्या निष्ठेवर उभ्या आहेत, हे मी जाणतो. आणि निष्ठेवर राज्याचा कारभार चालत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो.

साशंक : तर मग मी कुठवर आलो, ते सांगतो. वाट पाहण्याच्या तुमच्या मुद्द्याला मला उत्तर सापडले नाही; म्हणून येत्या नोव्हेंबरात मी पिशवी घेऊन जाईन. मूळ कागद मात्र माझ्याच घरी राहतील, आणि दर दोन वर्षांनी मी एका अनोळखी डॉक्टरकडूनही स्वतःला तपासून घेईन. यात तुमच्या माणसाचा अवमान नाही, माझ्या स्नेह्याची आठवण आहे. घरी येणाऱ्या बाईला एका सकाळची पगारी सुट्टी देऊन मितानिनबरोबर सरकारी आरोग्य केंद्रात पाठवणे हे माझे काम आहे, तुमचे नव्हे, हेही मी मान्य करतो.

परंतु एका गोष्टीची रुजवात तुम्ही करून दिली नाही. तुमच्या आत्याबाईंची पिशवी ज्याने टेबलावर पालथी केली, त्याचे वय काय?

आग्रही : सत्तरीला आले आहेत.

साशंक : आणि त्यांच्यामागे?

आग्रही : मुलगी डॉक्टर आहे. रेडिऑलॉजिस्ट, पुण्याला असते. दवाखान्याची जागा घेण्यासाठी एका औषधविक्रेत्याने विचारणा केली आहे.